निसटलेली फुंक

पेत्रोवुनी, ९ जुलै १९७८

चि. एवान्थिया हिला आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळे खुशाल आहोत असं आधी लिहायची रीत आहे, ती या खेपेला मोडते. तुझ्या बाबांचं तोंड वाकडं झालंय. पलीकडच्या गावचं लग्न वाजवून घामेजल्या अंगाने उघड्या ट्रकमधून आले, आणि सकाळी दाढी करताना डावा गाल हलेना. डोळा मिटत नाही, सूप कोपऱ्यातून गळतं. कोनित्साचे डॉक्टर म्हणाले, पक्षाघात नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, थांबा. किती थांबायचं ते मात्र सांगितलं नाही.

हे रोज क्लॅरिनेट घेऊन वरच्या मेंढवाड्यात जातात. एकदा मी मागोमाग गेले. हाताने गाल दाबून फुंकत होते, पण सूर लागेना, नुसती हवा निसटत होती. आल्या पावली परत फिरले. ज्यांच्या सुरावर सगळा मुलूख नाचला, त्यांची ती फुसफुस मला ऐकवेना.

मरियामातेची जत्रा तोंडावर आली आहे. पंचमंडळी नदीपलीकडच्या क्लॅरिनेटवाल्या थेमिसला बोलावणार अशी कुणकुण आहे. मेनिओसकाका म्हणतात, जत्रा एकदा हातची गेली की गेलीच. त्यांचं व्हायोलिन आणि ह्यांची क्लॅरिनेट, दोन्ही घरांची चूल या जोडीवर. परवा काका अंगणात येऊन बसले, कॉफी तशीच निवली, आणि एवढा ह्यांच्याहून दांडगा भाऊ रडायला लागला. हे आतून ऐकत होते.

तू दवाखान्यात कामाला आहेस, कुणाला तरी विचार. फोन मात्र नको, कॉफीच्या दुकानातला फोन म्हणजे अख्ख्या गावाचा कान. उत्तर पाद्रीबाबांच्या पत्त्यावर धाड. तुला काळजीत घातलं हे ह्यांना कळलं तर माझ्याशी बोलायचे नाहीत.

आठवण काढत जा, इतकंच मागणं.
तुझी आई, पोलिक्सेनी


स्टुटगार्ट, १७ जुलै

ती. आईस एवान्थियाचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र कपड्यांच्या खोलीत दार लावून वाचलं. आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं. बहुतेकांचं बरं होतं म्हणाले, पण महिने लागतात, आणि थोड्यांचं राहून जातं. तुझ्यापासून लपवत नाही. डोळ्याचे थेंब पाठवते आहे, झोपताना पट्टी बांध. आणि फुंकणं पूर्ण बंद. नसेला विसावा हवा.

भीती एकच, बाबा ऐकणार नाहीत. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा अथेन्सला वाजवायचं बोलावणं नाकारून घरी राहिले, तेव्हा तरी कुणाचं ऐकलं होतं? मी रजा मागितली, मिळाली नाही. हल्ली जेवणाची ताटं वाटताना माझी नजर रोग्यांच्या ओठांवरच जाते.

जे असेल ते खरं कळव. माझ्या वाट्याची माया बाबांवर खर्च कर.
तुझी एवान्थिया


पेत्रोवुनी, २८ जुलै

चि. एवान्थियास वाजंत्र्या बापाचे आशीर्वाद.

पाद्रीबाबांना जर्मनीहून पत्र आलं तेव्हाच ओळखलं. त्यांचं तिकडे कुणी नाही. आणि तुझ्या आईला खोटं बोलता येत नाही, ती नुसती घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसते.

चेहरा वाकडा झालाय खरा, पण आधी तरी कुठे फार देखणा होता? उलट पत्ते खेळताना फायदाच होतो. मी हसतोय की रडतोय हे कुणाला कळत नाही. थेंब घालतो. पट्टी बांधली की समुद्री चाच्यासारखा दिसतो म्हणे.

जत्रेत मात्र वाजवणार. मेनिओसला चार पोरं आहेत, आणि क्लॅरिनेटवाचून व्हायोलिनला लग्नात कोण विचारतो? तुझ्या डॉक्टरांना सांग, नस माझी असली तरी तोंड दोन घरांचं आहे.

तिकडे थंडी पडली की गरम कपडे घाल. राग धरू नकोस.
तुझा बाबा, कोझ्मास


स्टुटगार्ट, ५ ऑगस्ट

ती. बाबांस नमस्कार.

तुमचे विनोद वाचून हसू आलं नाही. तोंड दोन घरांचं आहे ना, मग दोन्ही घरांना विचारलंत का? मेनिओसकाकांना एका जत्रेपुरती क्लॅरिनेट हवी आहे, की पुढची सगळी वर्षं? आणि आईला काय हवं ते तर कुणी विचारतच नाही.

मुलीने बापाला असं लिहू नये, कळतं. पण इतक्या लांबून मी दुसरं काय करू? तुमचं उत्तर येईपर्यंत मला घास गोड लागायचा नाही.

तुमचीच,
एवान्थिया


पेत्रोवुनी, १८ ऑगस्ट

चि. एवान्थियास आईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि जेवणावरून उठले. दुसऱ्या दिवशी रविवारचा कोट घालून, कुणाला न सांगता बसमध्ये चढले. दिवसभर माझ्या जिवात जीव नव्हता. नको नको ते मनात आलं. नदीच्या पुलापर्यंतही जाऊन आले.

हे थेमिसकडे गेले होते. एका लग्नात वरपक्षाने ह्यांना, वधूपक्षाने त्याला बोलावलं आणि मुख्य वादकाच्या खुर्चीवरून जुंपली, तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ह्यांनी त्याला सांगितलं, यंदा जत्रा तू वाजव, पण व्हायोलिन मेनिओसचं घे, आणि माझं तोंड जागेवर येईतो लग्नांनाही त्याला सोबत ने. थेमिसने एवढंच विचारलं म्हणे, डफ कोण वाजवणार? हे म्हणाले, मी.

जत्रेत रीतीप्रमाणे मृतांच्या आठवणीचं पहिलं गाणं थेमिसने वाजवलं. हे कडेच्या खुर्चीवर, टोपी भुवयांपर्यंत ओढून, मांडीवर डफ घेऊन बसले होते. मला मान वर करवेना. बायका कुजबुजत होत्या. मेनिओसकाकांनी डोळे मिटून घेतले होते.

दुपारी आपल्या घराची नाचाची पाळी आली. नेहमीसारखी मी जावेचा हात धरून उभी राहिले. लग्न झाल्यापासून मी नाचले ती ह्यांच्या खुर्चीसमोरून. वाजंत्र्याच्या बायकोला नवऱ्याबरोबर नाचायला कधी मिळतं? तर हे उठले, डफ खुर्चीवर ठेवला, आणि येऊन माझ्या हातातल्या रुमालाचं टोक धरलं.

अगं, ह्यांना नाचता येत नाही. मुलूखभर लोकांना नाचवलं, पण स्वतः कुठला पाय कधी टाकायचा, पत्ता नाही. माझ्या पायावर पाय दिला, पुढच्याला धडकले. थेमिसने ते बघितलं. खुर्ची सोडून आमच्याजवळ आला, चाल अगदी संथ केली आणि आमच्याच पायांकडे बघत वाजवत राहिला. मी हळूच सांगत गेले, आता डावा, आता थांबा.

गाल अजून तसाच आहे. त्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते नसेचं की कशाचं, मी विचारलं नाही. दुसऱ्या फेरीला त्यांचा पाय बरोबर पडला.

आता जेव, पोरी.
तुझी आई