निळा स्वेटर आणि न गळणारे कापड

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, वस्त्ररसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. तेवढी ऐपत असलेला मनुष्य आमच्या घराण्यात जन्मला नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यातील शुद्धलेखनाच्या दोन चुका मी दुरुस्त केल्या आहेत.

१. घर व ठेवी मुलास. त्याला किंमत कळते, पोत कळत नाही; म्हणून एवढेच.

२. गिरणीवाल्या धाकट्या भावास काहीही नाही. प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून तो सूत काढतो, कापडावर हिरवे पान छापतो आणि पृथ्वी वाचवल्याच्या गप्पा मारतो. ते कापड प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे तंतू सोडते आणि ते माशांच्या पोटात जातात, हे मी त्याला तीनदा समजावले. पालथ्या घड्यावर पाणी.

३. तागाच्या सुताला घट्ट पीळ व झाडाच्या डिंकाचा लेप देऊन मी धुण्यात तंतू न गळणारे कापड केले. ते गिरणीने घ्यावे म्हणून अकरा वर्षांपूर्वी अंतिम चाचणी घरच्या यंत्रात केली. धुण्याचे पाणी गाळणकागदातून सोडले, कागद वाळवून तोलला. तंतूंची गळती भावाच्या कापडाइतकीच भरली. तो म्हणाला, "ताई, गळायचंच असेल तर माझं स्वस्तात गळतं." तेव्हापासून आमचा अबोला आहे.

त्याच संध्याकाळी तो कागद टाकायला नेणारी सून खिडकीपाशी थांबली. "आई, तुमचं कापड पांढरं ना? मग हे निळे तंतू कुणाचे?"

"तुझा विषय कोणता होता गं?"

"इतिहास. म्हणून तर विचारतेय, आधी इथे कोण येऊन गेलं."

आदल्या दिवशी त्याच यंत्रात मी मुलाने दिलेला निळा स्वेटर धुतला होता. चाचणीपूर्वी यंत्र तीनदा रिकामे चालवावे, हे मी तीस वर्षे शिकवले. न चालवणाऱ्या एकाला नापासही केले. त्या दिवशी एकदाही चालवले नाही. हात माझे असल्याने गरज वाटली नाही.

नंतर गुपचूप पुन्हा चाचणी केली. कागद जवळजवळ कोरा निघाला. भावाला कळवायला एक ओळ पुरली असती. ती मी लिहिली नाही, आणि त्याची बाटल्यांची कापडे अकरा वर्षे घरोघरी धुतली गेली. मूर्खांची यादी करताना मी स्वतःला वगळले होते. ती दुरुस्ती येथे करते.

४. कलम २ ला अपवाद म्हणून, बरणीत बंद केलेला तो स्वेटर भावास. धुऊ नये.

५. कापडाची कृती, वह्या व तराजू सुनेस. तिने त्या गिरणीत न्याव्यात, कारण माग दुर्दैवाने तिथेच आहेत, आणि "चूक ताईंची होती" हे भावाला मोठ्याने सांगावे. हे कलम आजपासून लागू.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं."

तो कायद्याचा आळस आहे. वह्या मी सकाळीच तिच्या हाती दिल्या.

साक्षीदार: वकील (कलम ५ ला हरकत नोंदवून), डॉक्टर (दाखला देणारे).

सही: कलम ३ मधील चूक करणारी.

ठिकाण: स्वयंपाकघर, यंत्र तिसऱ्यांदा रिकामे चालू असताना.
दिनांक: १४ मार्च.