दाजींच्या पायातली पट्टी

॥ श्री ॥
कोरेगाव, ता. ९-२-७६

चि. ज्ञानू यास, आक्काचे अ. आ. वि. वि.

इकडं सगळी बरी हायती, एक तुझ्या दाजींचा पाय सोडला तर. तो परत वाहायला लागलाय. उसाच्या ट्रॉलीखाली नडगी मोडली त्याला आता दोन वर्सं होतील. सांगलीच्या डॉक्टरांनी हाडावर पोलादी पट्टी बसवली, स्क्रूनं आवळली, टाके काढले, तवा मला वाटलं सुटलो. पण जखमेच्या तोंडातनं पाणी येतंया, वास मारतोया. इथले डॉक्टर सुया देतात. चार दिस बरं, की पुन्हा तेच. तुमी पथ्य पाळत न्हाई म्हणतात.

एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाई. परवा ऊसतोड चालू हुती आन हे बांधावर पाय पसरून बसलेले. मी तोडकरी बायांदेखत बोलून गेले, की बारा वर्सं पलटणीत काढलेला गडी एवढ्याशा दुखण्याला बसून राहतो. हे उठले आन मोळ्या उचलाय लागले. सांजच्याला लेंगा गुडघ्याखाली सगळा भिजलेला.

तुझं नवं काम काय हाय? कॉलेजातल्या डॉक्टरीणबाई तुझ्याकडनं मुलामा करून घेतात असं कानावर आलं. तुझ्या त्या ॲसिडानं पिवळ्या पडलेल्या बोटांना शिकलेली माणसं इचारायला लागली, तर आता पोरगी बघायला मला तोंड मिळंल. जेवण वेळंवर करत जा.

आक्काची माया तुला ठावी हायच, वेगळी काय लिहू.
लीलाबाई


सांगली, ता. २१-२-७६

ती. सौ. आक्कास, ज्ञानूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दाजींना चारचौघांत बोललीस ते बरं केलं नाहीस. बोलतेस तूच आणि मागून चुलीपुढं रडतेसही तूच, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पोरीचं एवढ्यात काढू नकोस.

कामाचं सांगतो. आमच्या कारखान्यात सायकलच्या रिंगा आणि हँडलं ज्या हौदात बुडवतो, त्यातच बाईंच्या चकत्या बुडवतो. आठ आण्याच्या नाण्याएवढ्या पोलादी चकत्या. काही नुसत्या घासून गुळगुळीत केलेल्या, काहींवर निकेल, काहींवर क्रोम, आणि काही वाळू मारून खरबरीत केलेल्या. बाई उबवणीची अंडी आणतात आणि आतल्या पिलाच्या हाडातले जिवंत कण काढतात. पेशी म्हणतात त्यांना. हाड मोडलं की तेच नवं हाड भरतात म्हणे. काचेच्या बशीत चकती ठेवायची आणि भोवती त्या पेशी वाढू द्यायच्या. कुठल्या धातूशी हाडाचं जमतं, कुठल्याशी बिनसतं, हे बाईंना बघायचं आहे. येत्या मंगळवारी मला मायक्रोस्कोपातून दाखवणार आहेत. सातवी शिकलेल्या माणसाला एवढा मान कोण देतं?

आणि माझी पैज निकेलवर आहे. दाजींच्या वेळी बाहेरची पट्टी मिळत नव्हती, तेव्हा डॉक्टरांनी आमच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडून करून घेतली होती. तिला मीच हट्टानं निकेल चढवलं, आत गंज धरू नये म्हणून. तुला सांगितलं नव्हतं. तीन वेळा बफ केली होती. आरशासारखी चकाकत होती.

दाजींना दंडवत. तुझा हात पाठीवर असू दे.
ज्ञानू


कोरेगाव, ता. ६-४-७६

चि. ज्ञानू यास अ. आ. वि. वि.

हे तिसरं कार्ड. आधीच्या दोन्हीला उत्तर न्हाई. तू आजारी हायस का, का कुणाचं काय लागलं बोललेलं? दाजींना आठ दिस ताप हाय. पाय सुजून पखालीगत झालाय, भुईला टेकवत न्हाई. इथले डॉक्टर सांगलीला न्या म्हणतात. हे म्हणतात, मी येत न्हाई, परत चिरतील. तू आलास तर तुझं ऐकतील. दोन ओळी तरी लिही.

वाट बघणारी,
आक्का


सांगली, ता. २४-४-७६

ती. आक्कास, ज्ञानूचा शि. सा. न.

हे पत्र वाचून झाल्याबरोबर दाजींना घेऊन निघ. सकाळच्या एस.टी.नं ये, मी स्टँडवर उभा असेन. डॉक्टरांशी बाई स्वतः बोलल्या आहेत. पायातली पट्टी काढायला हवी. ती माझ्यामुळं बाधते आहे.

मी आजारी नव्हतो. त्या मंगळवारी मायक्रोस्कोपातून बघितलं. साध्या गुळगुळीत चकतीच्या कडेला पेशी लगटून होत्या, लांबट, एकमेकींना धरून. खरबरीत चकतीलाही तशाच. निकेलच्या चकतीभोवती मात्र मोकळं रिंगण पडलं होतं. काठावरच्या पेशी गोळा होऊन सुटल्या होत्या. बाई म्हणाल्या, निकेल विरघळून बशीतल्या पाण्यात उतरतं आणि त्यांना मारतं. मग मी त्यांना पट्टीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, एका बशीवरून माणसाच्या पायाचं छातीठोक सांगता येत नाही, पण निकेल हाडाला लावून ठेवू नये, घरी लगेच कळवा.

आक्का, त्यातलं पहिलं अर्धं मी धरून बसलो. बाईंना म्हटलं, परत करून बघा, माझ्या हौदात काही घाण असेल. त्यांनी केलं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही. दर वेळी चार आठवडे जात होते आणि दर वेळी मी म्हणत होतो, आता निकाल आला की लिहू. तुझी तिन्ही कार्डं माझ्या खिशात होती. मुलामा दिला तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर दोन महिने गप्प बसलो, ते मात्र जाणूनबुजून.

स्टँडवर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. फक्त ये.
ज्ञानू


कोरेगाव, ता. २-७-७६

चि. ज्ञानू यास, आक्काचे अ. आ.

दवाखान्यात मी तुझ्याशी धड बोलले न्हाई, म्हणून लिहिते.

पाय गुडघ्याखाली काढला ते तू बघितलंसच. घरी आणल्यापासनं जखम सुकत चाललीया. ताप न्हाई. कुबड्या गावातल्या सुतारानं करून दिल्या. ह्यांना चुलत्यांच्या ओसरीपर्यंत जाता येतं. शेत बाळासो बघतो, माझा दीर. मोडका पाय असून हे उभं रान नांगरत हुते, आता खिडकीत बसून दुसऱ्याची नांगरट बघतात.

निघायच्या दिशी मी डॉक्टरांना गाठलं. पट्टी त्यांनी दाखवली. मुलाम्याचे पापुद्रे सुटलेले, भवतालचं मांस काळं, हाड कुजलेलं. मी इचारलं, माघ-फाल्गुनात आलो असतो तर? सांगता येत न्हाई, म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, तवा ताप नव्हता.

रात्रंदिस तेच डोक्यात हाय. तुझ्यावर राग धरते आन लगेच माझं बोलणं आठवतं. घरी आल्यावर मी ह्यांच्यापुढं ज्ञानूनं असं केलं, तसं केलं म्हणत हुते. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्यानं मायेनं केलं, त्याला काय बोलू नगंस. मी दोन वर्सं दुखतंय म्हणत हुतो, ते खरं हुतं एवढं त्याच्यामुळं तुला कळलं. असं म्हणून भिताडाकडं त्वांड केलं. तोडकरी बायांपुढं बोलले ते आता कुठल्या तोंडानं मागं घेऊ?

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. तसल्या आणखी तीन पट्ट्या तू मुलामा देऊन दिल्या हुत्यास. हे तू मला सांगितलं न्हाईस. एक पाटणच्या बाईच्या मांडीत, रंगूबाई नाव. एक मलकापुरात. तिसऱ्याचा पत्ता वहीत न्हाई, नुसतं केरबा एवढंच. डॉक्टरांनी दोघांना कार्डं टाकली, उत्तर न्हाई. उत्तर कुठनं येणार? मी सुदिक पायाचं दुखणं पथ्यावर ढकलून दोन वर्सं काढलीच की.

तर तू जा. कार्ड टाकू नको, चालत जा, दारात उभा ऱ्हा आन आपल्या तोंडानं सांग. त्यांच्या बायका, पोरं, सासवा त्यांना आळशी म्हणत असतील, त्यांनापण सांग. केरबाला गावोगाव इचारून हुडकून काढ.

तुझे दाजी तुला रोज बोलावतात. मी अजून बोलवत न्हाई. तिघांनाही सांगून झालं की ये. मग मी दार उघडीन.

माया हाय रं, पण आज ती कागदावर उतरत न्हाई.
लीलाबाई