मिनिटाला साठ शब्द

सोमवार, ४ मार्च

एकेचाळीस! मोठ्या बाईंनी आकडा असा सांगितला, की मला ताप भरलाय असं वाटावं. माझी तिसरी ‘क’ मिनिटाला सरासरी एकेचाळीस शब्द वाचते. हवेत साठ. पुढच्या सोमवारी वाचनाची परीक्षा, सगळ्या शाळांना एकच उतारा, तपासायला बाहेरच्या बाई. त्यांनी वाईट शेरा मारला की ‘क’ मोडणार. पोरं ‘अ’ आणि ‘ब’मध्ये वाटून टाकणार. आणि मी कंत्राटी, म्हणजे मी घरी!

पोरांना वाचता येत नाही असं नाही हो. ती थांबतात! आज इंजिन वाचत होती. इंजिन म्हणजे पहिल्या बाकावरची मुलगी, तोंड कायम चालू. कोल्हा सशाला म्हणतो, मी हल्ली फक्त गाजरं खातो. झालं! पुस्तक खाली. “सर, हा थापा मारतोय!” मग अख्खा वर्ग सशाला वाचवायला उठला. त्या मिनिटाचे शब्द अकरा.

लावलंय कुणी हे वेड? मीच. दर ओळीला थांबून “आता काय होईल?” विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

मंगळवार, ५ मार्च

सराव सुरू. हातात घड्याळ. प्रश्न नाही, हसणं नाही, मान वर नाही!

आजोबानं हात वर केला. हा शेवटच्या बाकावरचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओळीखाली बोट ठेवून वाचणारा. “सर, शंका आली तर?”

“गिळायची!”

त्यानं खरंच आवंढा गिळला. कसंसंच झालं मला.

गुरुवार, ७ मार्च

त्रेसष्ट!! मोठ्या बाई चक्क हसल्या. मी हवेत. वर्गात येऊन विचारलं, “काय होतं रे उताऱ्यात?” सगळे गप्प. इंजिनसुद्धा! शेवटी एकजण म्हणाला, “सर, वाचायचं होतं. कळायचं पण होतं का?”

घरी ताईला सांगितलं. ती बाही जोडत होती. मान वर न करता म्हणाली, “भराभर शिवलं आणि बाही उलटी बसली, तर गिऱ्हाईक काय माझ्या वेगाचं कौतुक करेल?” ताईशी बोलणं म्हणजे टाचणी टोचून घेणं. पण बरोबर बोलते, हीच तर पंचाईत आहे.

शुक्रवार, ८ मार्च

घड्याळ कपाटात टाकलं. मगरीची गोष्ट सांगितली. वर्गात नुसता गोंधळ. जे व्हायचं ते होऊ दे!

सोमवार, ११ मार्च

परीक्षा झाली. काय तो दिवस!

तपासणीच्या बाई कडक इस्त्रीच्या. मुलांनी त्यांचं बारसं केलं घड्याळबाई. एकेका मुलाला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलवायच्या, मिनिट संपलं की टेबलावर टिचकी. बस, पुरे, पुढचा! बाकीची वरात बाहेरच्या बाकांवर.

इंजिन पहिली गेली आणि तणतणत बाहेर आली. “पोस्टमनची सायकल चोरीला गेली, आणि बाईंनी तिथंच थांबवलं!”

पुढच्याला सगळ्यांनी बजावलं, “चोर कोण ते बघून ये!” तो गेला, सुसाट वाचून आला. चोर नाही सापडला, पण चिखलात चाकाचा माग सापडला. तिसऱ्या मुलीनं माग विहिरीपर्यंत नेला. प्रत्येकजण मागच्याच्या दोन ओळी पुढे! वाचायचं सगळ्यांना पहिल्यापासून, त्यामुळे सुरुवात नुसती उडवत होते. मी दाराशी उभा, हसू आवरेना.

सगळ्यात शेवटी आजोबा. बाहेर येऊन म्हणाला, “पोस्टमन विहिरीत वाकून बघतो. पुढे कागदच संपलाय. मी बाईंना विचारलं, पुढे काय? त्यांनाही माहीत नाही!”

मंगळवार, १२ मार्च

सहासष्ट! मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं चहा ओतला. मी कप तसाच खाली ठेवला. अरे, उतारा आधीच कानावर पडलेली पोरं ही! हे सहासष्ट खरे कुठले?

ताईला म्हटलं, उद्या जाऊन घड्याळबाईंना सगळं सांगणार. ती म्हणाली, “नोकरी गेली तर काजं-बटणं तुझ्याकडे.” मग ताटात एक पोळी जास्त वाढली.

बुधवार, १३ मार्च

सांगितलं. घड्याळबाई म्हणाल्या, “दार पातळ आहे. मी सगळं ऐकलं. तुम्ही येता का, तेवढंच बघत होते.”

“मग?”

“मग काय? शुक्रवारी परत. वाचून झालं की मूल थेट मैदानात.” उठताना हळूच म्हणाल्या, “हे उतारे मीच लिहिते. पुढे काय, असं इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.”

शुक्रवार, १५ मार्च

नवा उतारा म्हणजे विहिरीच्या पुढची गोष्ट! बाईंनी दोन दिवसांत लिहून काढली! दार पातळ खरंच, बाहेर सगळं ऐकू येत होतं. एकही पोर धड सलग वाचेना. “बाई, त्यानं दोर का नाही आणला?” “बाई, चोर पोहणारा असेल तर?” आणि बाई उत्तरं देतायत! घड्याळ चालू! आजोबा आत सात मिनिटं होता. एका मिनिटाच्या परीक्षेला!

बाहेर आला तो लालेलाल. मैदानाकडे पळता पळता मला म्हणाला, “सर, मी सांगितलेलं त्यांनी लिहून घेतलं!”

मला हसू आलं आणि रडूही. सरासरी किती भरणार, ते कळून चुकलं.

सोमवार, १८ मार्च

चव्वेचाळीस. मोठ्या बाईंनी नुसती खुर्ची पुढे केली. शेरा उद्या येईल. पोरांना सांगायचा धीर झाला नाही. मगरीची उरलेली गोष्ट सांगितली. घरी आलो तर ताईनं काजांची सुई दोरा ओवून ठेवलेली.

मंगळवार, १९ मार्च

तास चालू असताना घड्याळबाई दारात. मागे एक दोन वेण्यांची मुलगी, नवं दप्तर छातीशी धरलेलं. मी म्हटलं, “बाई, हा वर्ग तर मोडणार ना?” त्या म्हणाल्या, “तसा शेरा मी दिलेला नाही. ही माझी नात. मिनिटाला नव्वद शब्द वाचते, कधी थांबत नाही, कधी काही विचारत नाही. हिला तुमच्याकडे घ्या.” मी हजेरीपट पुढे ओढला. आजोबानं बाकावर सरकून जागा केली.