दम धर

ता. ४ जून

चि. बेडकीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

शेवटच्या फेरीत धाप लागते, संघाची निवड तोंडावर आली आणि प्रशिक्षक नुसतं सावकाश, लांब पोहायला लावतात, ही तुझी तक्रार पोचली. मी पंप दुरुस्ती कुणाकडे शिकलो नाही. तुला पोहायला शिकवलं तेही पुस्तकात बघून. तेव्हा माझं ऐक. दम धर. रोज थोडा जास्त धर, फळ मिळेल. तुझी आई मला म्हणते, माझ्या पत्रापेक्षा औषधाच्या बाटलीवरची सूचना लांब असते.

तुझा मामा

ता. १३ जून

ती. मामांस, शि. सा. नमस्कार वि. वि.

आधी हे वाचा: मी ठणठणीत आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज थोडा जास्त दम धरला. सगळे गेले की तलावाच्या तळाशी शिडी पकडून बसायचे. आधी भराभर श्वास घेतले की आणखी टिकता यायचं. मंगळवारी दिवे विझल्यासारखं झालं. चष्मा विसरलेली मैत्रीण परत आली म्हणून वाचले. तिने केस धरून वर ओढलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही बिघडलेलं नाही. प्रशिक्षकांनी मात्र दम दिला, की एकटीने पाण्याखाली श्वास कोंडायचा नाही, कधीच नाही. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं नाही. निवडीला उतरवायचं की नाही ते आठवड्याने ठरवणार. आईला कळवू नका.

आपली, बेडकी

ता. १७ जून

चि. बेडकीस, आशीर्वाद.

पत्र उभ्याने वाचायला घेतलं, अर्ध्यावर खाली बसलो. तू आहेस हे तिसऱ्या वाचनात पटलं, तेव्हा कुठे जेवलो.

अगं, दम धर म्हणजे धीर धर. पण पोहणाऱ्या मुलीला लिहिताना शब्द तपासायला हवा होता. वॉशर बघितल्याशिवाय मी नटसुद्धा आवळत नाही. आणि भराभर श्वास घेऊन हवेचा साठा वाढत नाही. आत साचणारी खराब हवा तेवढी आधीच निघून जाते, आणि श्वास घे म्हणून ओरडणारी तीच असते. तू धोक्याची घंटाच काढून ठेवलीस.

शब्द माझा होता, असं प्रशिक्षकांना वेगळं लिहिलं आहे. आईलाही सांगितलं. तिने असा दम दिला की नुकताच दुरुस्त केलेला पंपही बंद पडला.

तुझा मामा

ता. ३० जून

ती. मामांस, शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र प्रशिक्षकांनी दोनदा वाचलं आणि हसले. मला उतरवलं. म्हणाले, तोंड पाण्यात असताना श्वास सोडत राहायचं, कोंडायचा नाही. बाकी काम सावकाश पोहण्याने केलेलं आहे. निवडीच्या दिवशी मी शेवटच्या फेरीत धाप लागायची वाट बघत होते, तोवर भिंत आली. संघात शेवटचं नाव माझं आहे. पण आहे.

आता तुम्हीही जरा दम खा. लोभ आहेच, तो दमादमाने वाढू द्या.

आपली, बेडकी