माऊसची गोळी आणि माझं नाव

मंगळ. १० जाने. १९८९
सकाळी ११ वा. २० मि. काँप्युटर क्लासच्या हजेरीतून मोहिते सरांनी माझं नाव लाल शाईने खोडलं. सगळ्या वर्गासमोर. मी अनवाणी उभी, कारण काँप्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर.
आरोप: माऊस फोडला.
फोडला नाही. उघडला. आठवडाभर पडद्यावरचा बाण वर-खाली जायचा, आडवा हलायचा नाही. मोहिते म्हणे, "बाई, वयाने हात थरथरतो." बत्तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलेला हात!
उलटा करून तळाची चकती फिरवली, रबरी गोळी बाहेर. आत दोन बारीक रूळ, एक उभ्या चालीचा, एक आडव्या. गोळी घरंगळते, रूळ फिरतात, तेवढा बाण सरकतो. आडव्या रुळाला टेबलावरच्या मखमलीची लव गुंडाळलेली. केसातल्या पिनेने काढली. टाइपरायटरची अक्षरं दर शनिवारी अशीच साफ करायचे. तेवढ्यात सर आत.
"तुमच्या कोकणातला फणस वाटला काय फोडायला?"
"फणसाला हाताला तेल लावतात, मोहिते. पिन नाही."
हे बोलायला नको होतं बहुतेक.

बुध. ११
प्रॅक्टिकल २३ ला. हजेरीत नाव नाही तर परीक्षा नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर जूनपासून कॉन्व्हेंटच्या मुलींना शिकवणं नाही. मी शिकले तीच शाळा. सिस्टरनी आपणहून विचारलं. रिटायर झाल्यापासून कोणी काही काम विचारलेलं हे पहिलं.
की-बोर्डवर एकाच्या जागी छोटा एल मारायची सवय (आमच्या टाइपरायटरला १ नव्हताच) तीन दिवसांत मोडली. हात अजून शिकतात. दुपारभर ओटीवर येरझारा. जेवण नको झालं.

गुरु. १२
मुमताज आली. एका मशीनवर आम्ही दोघी. परवा गोळी तिच्याच ओंजळीत होती. "बाई, बाण आता मस्त आडवा जातो. सर स्वतः चित्रं काढत बसलेत."
मग सांग ना त्यांना, म्हटलं!
"माझं पण नाव काढतील. अब्बांनी किती मिनतवाऱ्यांनी धाडलंय..."
चहासुद्धा न विचारता पाठवली. मग वाटलं, पोरीचं काय चुकलं.

शनि. १४
संक्रांत. मुमताजकडे तिळगूळ देऊन आले. मोहितेंना नाही.
त्यांना पत्र मात्र लिहिलं, तिसऱ्यांदा. पहिल्यात नुसत्या शिव्या. दुसऱ्यात मुमताजचं नाव होतं, फाडलं. न विचारता उघडला हे खरं, ते पहिल्याच ओळीत कबूल केलं. शेवट असा:
"माऊस चालतो की नाही, एवढंच लिहा. चालत असेल तर हजेरीत माझं नाव परत घाला. उत्तर लेखी हवं, शुक्र. ता. २० जाने., सायं. ५ च्या आत. टाइप करायला कोणी नसेल तर कळवा, मी येऊन करून देईन."