माझ्याच गाडीला बसणारा बंपर

दाजींस नमस्कार,

या बंपरांची खरी किंमत पडली ती बैठकीची खोली आणि मित्रांचं हसून बोलणं. सगळे बंपर परत येऊन त्या खोलीत पडलेत. आम्हा मित्रांच्या गाड्या एकाच, बंद झालेल्या मॉडेलच्या; त्यांचे बंपर सगळ्यांनी मिळून बनवून घ्यायचे, ही टूम माझीच. नमुना म्हणून मी तुमच्याकडून घेतलेली गाडी कारागिराकडे उभी केली. "हिला कधी धक्का लागलेला नाही, दाजींनी शपथेवर सांगितलंय. लागला असता तर मला आवाजावरूनच कळलं असतं," असं छातीठोक सांगितलं.

काल वाटप झालं. कुणाच्याच गाडीला बंपर बसेना, डावीकडे दोन बोटं फट. माझ्या गाडीला मात्र चपखल. कारागीर हळूच म्हणाला, "शेठ, तुमच्या गाडीचं नाक कधीतरी ठोकून सरळ केलंय, तरी डावीकडे वाकडंच राहिलंय."

मंडळी त्याच्याच नावाने शंख करताहेत. खरं सांगावं तर तुम्ही खोटे ठरता आणि मला ताईला तोंड दाखवायची चोरी. गप्प बसावं तर त्याचं वर्कशॉप बुडतं. "तुम्हीच झापा त्याला," म्हणत सगळे माझ्या दाराबाहेर थांबलेत. हे पत्रही पाठवता येत नाही, तुमचं टपाल ताईच फोडते.

बरं, तुम्ही फसवलंत असं म्हणावं, तर सात वर्षं ती गाडी रोज मीच चालवतोय.

तुमचा,
दारामागे बसलेला मेहुणा