परत न आलेले पेशंट

३ जून, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, मग आपणच का मागे राहायचं? शिवाय आजचा दिवस नोंदवण्यासारखा आहे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं (बसायला!) आणि काम दिलं. आपल्या विमा कंपनीच्या यादीत एकोणीस हॉस्पिटलं आहेत. त्यातलं हार्ट फेल्युअरच्या पेशंटची सगळ्यात चांगली काळजी कोण घेतं, हे क्लेमच्या डेटावरून शोधायचं. म्हणजे एकाही हॉस्पिटलची पायरी न चढता. मला औषधाच्या वासाने गरगरतं, तेव्हा हे काम माझ्यासाठीच जन्माला आलेलं आहे.
संकल्प: महिन्याभरात अहवाल. वर्षाअखेर विभागप्रमुख. तरीही नम्र राहणे.

५ जून, बुधवार
सूत्र सापडलं! हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे (कालपर्यंत मला तसंच वाटत होतं). हृदयाचा पंप थकतो, अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो. नीट सांभाळलं तर माणूस घरी राहतो, नाहीतर पुन्हा भरती. तेव्हा: डिस्चार्जनंतर तीस दिवसांत पेशंट त्याच हॉस्पिटलात परत आला, की हॉस्पिटल नापास. नाही आला, की पास. इतकं सोपं कुणाला कसं सुचलं नाही?
कंपनीच्या सल्लागार डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, परत आला नाही म्हणजे गेला कुठे, ते यात कळतं का? मी म्हटलं, घरी. ते म्हणाले, कोणाच्या घरी?
निवृत्तीला आलेली माणसं तुसडी होतात. दुर्लक्ष केलं.

११ जून, मंगळवार
यादी तयार. पहिला नंबर: चौकातलं काचेचं हॉस्पिटल. परत आलेले पेशंट शून्य! शेवटचा नंबर: मंडईमागचं जुनं हॉस्पिटल. तिथे पेशंट नुसते ये-जा करत असतात, जसं काही माहेरच आहे. नापासाहून नापास.
साहेब खूश. खांद्यावर हात ठेवला. अंदाजे चार सेकंद.

१४ जून, शुक्रवार
सासऱ्यांचे पाय सुजले. काल जिना चढताना दोनदा टेकले. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतःची तक्रारही अगदी मोजून करतात: 'परवापासून, डावा जास्त, संध्याकाळी वाढते.' गल्लीतले डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल्युअर, भरती करा.
हिचं म्हणणं मंडईमागे न्यावं, तिच्या मैत्रिणीची आई तिथेच बरी झाली. मी यादी आणून दाखवली. ही म्हणाली, यादीला पाय सुजलेला माणूस दिसतो का? भावनेच्या भरात बायका आकडेवारी विसरतात. मी मात्र ठाम. अखेर सासरे म्हणाले, 'जावईबापू म्हणतात तर काचेच्यात जाऊ. फुटलो तर फुटलो.' विनोदी स्वभाव.

१७ जून, सोमवार. दुपारी
तीन दिवसांत डिस्चार्ज! काय तो टापटीपपणा. पडदे, कुंड्या, लिफ्टमध्ये संगीत. चौसष्ट पानांची चकचकीत फाइल. मी एकदाच आत गेलो, तेही नाकाला रुमाल लावून.
घरी मीच सूचना दिल्या: विश्रांती आणि भरपूर पाणी. पाण्यासारखं औषध नाही. दिवसाला चार लिटरची बाटली भरून समोर ठेवली. शिवाय तोंडाला चव यावी म्हणून खारे शेंगदाणे.

२५ जून, मंगळवार
सासरे बसून झोपतात. ही काळजीत. मी समजावलं की आठ दिवस झाले, ते परत गेलेले नाहीत, म्हणजे आलेख योग्य दिशेने चालला आहे. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पटलं असावं.

२६ जून, बुधवार. सकाळी ११
पटलं नव्हतं. मी ऑफिसला निघाल्यावर सासऱ्यांना वाक्य पुरं करता येईना. हिने काचेच्या हॉस्पिटलला फोन लावला. त्यांनी सांगितलं, बेड नाही, सोमवारी बघू. हिने रिक्षा केली आणि थेट मंडईमागे नेलं. मला फोनवर कळवलं. विचारलं नाही, कळवलं.

२६ जून. संध्याकाळी
मंडईमागच्या हॉस्पिटलात गेलो. भिंतीचे पोपडे. बाकावर बसलो तर ते एका बाजूने उठलं. वास होताच, पण गरगरायला सवड मिळाली नाही.
वॉर्डच्या मुख्य सिस्टर. बुटक्या, आवाज खणखणीत. सगळ्यांसमोर विचारलं, यांना दिवसाला चार लिटर पाणी पाजायचं कोणी सांगितलं? सासऱ्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं. ऑक्सिजनवरचा माणूस इतका अचूक नेम कसा धरतो?
सिस्टर म्हणाल्या, अहो, हे बुडतायत आणि तुम्ही वरून बादल्या ओतताय. चौसष्ट पानांत पाणी-मिठाचं काही लिहिलं नव्हतं, असं मी सांगितलं. हे माझं एकमेव बरोबर वाक्य ठरलं. त्यांनी फाइल चाळली. छप्पन्न पानं बिल, सात पानं संमतिपत्र आणि एक पान 'धन्यवाद'.
ही बाहेर जिन्यावर बसली होती. शेजारी बसलो. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

१ जुलै, सोमवार
सासरे धोक्याबाहेर. अंगातलं सहा किलो पाणी काढलं. सहा किलो! आमच्या घरी तांदळाचा डबा एवढा भरतो.
ऑफिसात सहज त्यांचा क्लेम उघडून पाहिला. काचेचं हॉस्पिटल: पेशंट परत आला नाही. पास. त्यांच्यामुळे काचेच्यांचं शून्य आणखी भक्कम झालं आहे.
सूत्र चुकलं, असं म्हणता येणार नाही. सूत्राला संदर्भ कमी पडला.

४ जुलै, गुरुवार
स्वतःच्या समाधानासाठी, केवळ समाधानासाठी, काचेच्या हॉस्पिटलच्या परत न आलेल्या पेशंटना फोन केले. कौतुकाचे चार शब्द मिळतील तर अहवालात घालू, असा विचार.
पहिला फोन: मुलाने सांगितलं, वडील दहाव्या दिवशी गेले. दुसरा: दुसऱ्या हॉस्पिटलात भरती आहेत. तिसरा: एक बाई म्हणाल्या, 'आमचे हे असते तर तुमच्याशी नक्की बोलले असते, फार बोलके होते.' पुढे त्या वीस मिनिटं त्यांच्याबद्दल बोलल्या. मी मधेच फोन ठेवू शकलो नाही.
बावीस नावं संपली. नऊ देवाघरी, अकरा दुसऱ्या हॉस्पिटलात, एक उचलत नाही. उरलेला एक म्हणजे आमचे सासरे.
गेलेला माणूस क्लेम टाकत नाही. डॉक्टर 'कोणाच्या घरी' म्हणाले, ते हेच. जेवलो नाही.

५ जुलै, शुक्रवार
मंडईमागच्यांचा डेटा पुन्हा बघितला, सिस्टरांनाही विचारलं. तिथे पेशंट परत येतात, कारण सिस्टर फोन करून वजन विचारतात आणि दोन किलो वाढलं की त्याच दिवशी बोलावून घेतात. दोन दिवसांत घरी पाठवतात. म्हणजे माणसं परत येतात, कारण ती असतात.
संकल्प: सोमवारी साहेबांना सगळं सांगायचं. ठणकावून.

८ जुलै, सोमवार
सांगितलं. ठणकावून नाही, पण सांगितलं. 'किरकोळ तांत्रिक त्रुटी' असा शब्द वापरला. साहेब म्हणाले, फार उशीर झाला. पहिल्या नंबरचं सन्मानचिन्ह तयार आहे, शुक्रवारी एकोणीस तारखेला समारंभ आहे, आणि काचेच्या हॉस्पिटलचा एक समाधानी पेशंट स्टेजवर हवा. परत न आलेल्यांच्या यादीतला. तुम्हीच शोधा.
यादीत चालू शकणारा आणि बोलू शकणारा माणूस एकच आहे.

९ जुलै, मंगळवार
सासऱ्यांना विचारलं. मला वाटलं, चिडतील. म्हणाले, 'येतो की. आयुष्यात कोणी भाषणाला बोलावलंच नाही.' मी म्हटलं, दोन ओळी बोला, चांगलं बोला. म्हणाले, खरं बोललेलं चालेल का? मी म्हटलं, वेळ कमी आहे.

१९ जुलै, शुक्रवार. दुपारी
समारंभ झाला. हॉल गच्च. साहेबांनी माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मान किती झुकवायची याचा सराव केला होता, तेवढी झुकवली.
मग सासरे उठले. माईक घड्याळासारखा कानाजवळ धरून आधी चालू आहे का ते तपासलं. म्हणाले, 'मी या हॉस्पिटलात परत गेलो नाही, हे अगदी खरं. या हॉस्पिटलातून परत आलो, हेच पुष्कळ झालं.' मग मंडईमागच्या सिस्टरांचं नाव घेतलं, रिक्षावाल्याचे आभार मानले, लेकीकडे बोट दाखवलं आणि बसले.
कोणी टाळ्या वाजवेना. मग पहिल्या रांगेतून एकट्या आमच्या सल्लागार डॉक्टरांनी वाजवल्या. बराच वेळ. मीही वाजवल्या. हात आपोआप गेले.

२२ जुलै, सोमवार
बदली. वाहन विमा, दुसरा मजला. साहेब म्हणाले, अनुभवी माणसाची तिथे गरज आहे. खिडकीजवळची जागा मिळाली. एका अर्थी बढतीच.
हिने यादी मागितली. बरणीच्या झाकणाखाली घालायला नीट बसते म्हणाली. दिली.

१२ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७
सासऱ्यांचं रोजचं वजन घेणं आता माझ्याकडे. मंडईमागच्या सिस्टरांचा आज फोन आला. मी म्हटलं, गेल्या आठवड्याची सरासरी पाहता एकूण कल समाधानकारक असून थोडा चढउतार दिसला तरी...
त्या म्हणाल्या, दादा, फक्त आकडा सांगा.
एकसष्ट किलो चारशे.
म्हणाल्या, छान. आणि फोन ठेवला.